पाण्याला काय म्हणतात?

बालमित्रांनो, समजा तुम्ही एका अगदी अनोळखी गावात उतरला आहात. ऊन कडक आहे, घसा कोरडा पडलाय. समोर एक आजी ओट्यावर बसल्या आहेत. पाणी मागायचंय, पण इथे पाण्याला काय म्हणतात तेच ठाऊक नाही! मग काय करणार? ओंजळ करून तोंडाशी नेऊन दाखवणार. आजी हसणार, आत जाणार आणि पाण्याचा तांब्या घेऊन येणार. तांब्या देताना त्या जो शब्द उच्चारतील, तो मात्र तुम्ही जन्मात विसरणार नाही.

परक्या मुलखात शिकवायला जाणाऱ्या मास्तरांचा आणि बाईंचा पहिला धडा हाच असतो. जगात असे हजारो शिक्षक आहेत. इंग्रजी शिकवायला ते दूरदेशी जातात, आणि पहिल्याच दिवशी स्वतः पहिलीत जाऊन बसतात! आज त्यांच्याच गोष्टी सांगणार आहे. पण आधी थोडी माझी.

लोणंद ते गोंदिया

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, फलटणच्या बाजूचा. डी. एड. झालो आणि नोकरी लागली ती थेट गोंदिया जिल्ह्यात. महाराष्ट्राचा नकाशा काढा. डाव्या बाजूला खाली सातारा आणि उजव्या बाजूला अगदी टोकाला गोंदिया. पलीकडे एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस लोणंदला पकडायची. एक अख्खी रात्र आणि जवळजवळ एक अख्खा दिवस गाडीत काढायचा. गाडी जिथे संपते, तिथे उतरायचं! मग एसटीनं आमगाव, पुढे देवरी, आणि तिथून आत जंगलाच्या कडेला माझी शाळा.

मला वाटलं, आपलाच महाराष्ट्र, आपलीच मराठी. कसली अडचण? पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गुरुजी, सांबार देऊ का जी?" मी खूश! इडलीचा बेत दिसतोय म्हणून भलंमोठं पातेलं घेऊन गेलो. काकूंनी त्यात कोथिंबिरीची एक जुडी टाकली. आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बरं का! आणि ज्याला मी पातेलं म्हणत होतो, त्याला इथे म्हणतात गंज. टोमॅटोला भेदरं, भाताच्या रोपांना पऱ्हे, त्यांच्या लावणीला रोवणी आणि धानाच्या शेताला बांधी. असं करत करत माझी शब्दांची शिदोरी वाढत गेली. हे सगळं गमतीचं होतं. पण एक चूक अशी झाली, की ती आठवली की अजून कान गरम होतात.

पहिलीचा वर्ग. एक छोटी मुलगी, शाळेत येऊन चारच दिवस झालेले. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "येर." मला वाटलं, काहीतरी बडबडतेय. मी म्हटलं, "नीट बोल." तिनं पुन्हा म्हटलं, "येर." या वेळी मी जरा जोरात म्हणालो, "असं नाही बोलायचं. शुद्ध बोल!" वर्ग हसला. मुलगी जागेवर जाऊन बसली.

दुपारी पोषण आहाराची खिचडी वाढणाऱ्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी पानी मांगत होती जी." गोंडी भाषेत पाण्याला येर म्हणतात. तिच्या घरी गोंडीच बोलतात. सकाळपासून ती तहानलेली होती, तिनं दोनदा पाणी मागितलं होतं, आणि मी तिला गप्प बसवलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. हजेरी घेताना नुसता हात वर करायची.

त्या दिवसांत मला एकच प्रश्न पडला होता. मी तर आपल्याच राज्यात आलोय, तरी माझं असं झालं. मग जे खरोखर सातासमुद्रापार शिकवायला जातात, ते काय करत असतील? मिळेल ते वाचू लागलो आणि खजिनाच हाती लागला.

जपानच्या वर्गातलं जेवण

जपानमध्ये १९८७ साली 'जेट' नावाची एक सरकारी योजना सुरू झाली. वेगवेगळ्या देशांतले तरुण-तरुणी या योजनेतून जपानी शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जातात. सगळ्यांना काही टोकिओ मिळत नाही! कितीतरी जणांची नेमणूक डोंगरातल्या खेड्यात नाहीतर छोट्या बेटावर होते. म्हणजे त्यांची देवरीच म्हणा ना!

शाळेच्या दारात पहिला धडा मिळतो. बाहेरचे बूट काढायचे, फळीवर ठेवायचे आणि आत घालायचे वेगळे बूट चढवायचे. मग दुपारचं जेवण. प्राथमिक शाळेत मुलं वर्गातच जेवतात आणि वाढण्याची पाळी मुलांचीच असते. पांढरा एप्रन, डोक्यावर पांढरी टोपी घालून ती एकमेकांना वाढतात. जेवण सुरू करण्याआधी सगळे एका सुरात म्हणतात, "इतादाकिमासु!" मला हे मिळतंय ते मी नम्रपणे घेतो, असा त्याचा भाव. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो, तसंच की!

नवीन शिक्षकाची परीक्षा पुढेच असते. हातात दोन काड्या आणि समोर भात! काड्यांमधून घास निसटतो, मुलं खुदुखुदु हसतात, आणि मग एखादा चिमुरडा पुढे येऊन गुरुजींची बोटं नीट धरून दाखवतो. वर्गात इंग्रजीचा तास गुरुजींनी घ्यायचा आणि जेवताना काड्यांचा तास मुलांनी! जेवणानंतर अनेक शाळांत सफाईची वेळ असते. फडकी आणि झाडू घेऊन मुलं वर्ग-व्हरांडे स्वच्छ करतात. आणि हो, जपानीत पाण्याला म्हणतात मिझु.

घड्याळ चुकलं की माणूस?

आता आफ्रिकेत चला, इथिओपियात. इथे इंग्रजी शिकवायला गेलेले शिक्षक गोरे नव्हते बरं का, आपल्या भारताचे होते! सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, १९५० नंतर, भारतातून खूप शिक्षक तिकडे गेले. त्यांत केरळचे पुष्कळ. इथिओपियातल्या कितीतरी लोकांना इंग्रजी, गणित आणि विज्ञान भारतीय मास्तरांनी शिकवलं.

तिथे नव्या माणसाची पहिली फजिती घड्याळावरून होते. तिथले लोक दिवस मोजायला सुरुवात करतात सूर्योदयापासून. म्हणजे आपले सकाळचे सात वाजले, की त्यांचा वाजतो एक! कुणी "तीन वाजता या" म्हटलं आणि तुम्ही दुपारी तीनला गेलात, तर काय होईल? यजमान सकाळी नऊपासून वाट बघून कंटाळलेले असतील. वर्षाचे महिनेही तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा फक्त पाच किंवा सहा दिवसांचा. त्या तेराव्या महिन्याचा पगार मिळत असेल का हो? मास्तर असल्यामुळे मला हाच प्रश्न आधी सुचला!

पण परक्या मुलखात एखादी गोष्ट अगदी घरच्यासारखी भेटते, तेव्हा जो आनंद होतो तो वेगळाच. तिथे जेवायला असतो इंजेरा. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून तव्यावर घातलेली मोठी, जाळीदार, आंबूस पोळी. आपल्या आंबोळीची बहीणच! एकाच मोठ्या ताटात ती पसरायची, वर भाज्या-कालवणं घालायची आणि सगळ्यांनी भोवती बसून हातानं तोडून खायची. दुसरी गंमत लिपीची. तिथल्या अम्हारिक भाषेच्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असतात, स्वर बदलला की अक्षराचं रूप थोडं बदलतं. आपली बाराखडी, तशी त्यांची साताखडी म्हणा! बाराखडी घोकून मोठ्या झालेल्या भारतीय मास्तरांना ती लिपी फार परकी वाटली नसेल. तिथे पाण्याला म्हणतात वुहा.

आपल्याकडे आलेले मास्तर

जसे शिक्षक तिकडे गेले, तसे आपल्याकडेही आले. १८२७ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून सिंथिया फॅरार नावाच्या एक बाई जहाजात बसल्या. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून चाळीसेक वर्षं होती, म्हणजे पुरा आफ्रिका खंड वळसा घालून यायचं. निघाल्या जूनमध्ये आणि मुंबईला पोचल्या वर्ष संपता संपता. माझी महाराष्ट्र एक्सप्रेस त्यापुढे काहीच नाही! मिशनच्या वतीनं त्यांनी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवल्या. तिथल्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे फॅरारबाईंकडेही घेतले, असं इतिहासकार सांगतात. १८६२ साली फॅरारबाई नगरलाच वारल्या.

दुसरे मेजर थॉमस कँडी. हे इंग्रज, लष्करातले. मराठी शिकले आणि तिच्यात इतके बुडाले, की मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाला त्यांनी हातभार लावला आणि १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश काढला. आपल्या मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. निबंधात स्वल्पविराम राहिला म्हणून अर्धा मार्क गेला, तर आता कुणावर रागवायचं ते कळलं ना?

पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या तिसऱ्या. डॉ. मॅक्सीन बर्नसन. आमच्या फलटणच्या! हसू नका, ऐका.

मॅक्सीनबाई मूळच्या अमेरिकेच्या. १९६१ साली त्या भारतात आल्या, हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात इंग्रजी शिकवायला. ही संस्था तिथल्या मराठी माणसांनी उभी केलेली. म्हणजे बघा, घरची भाषा इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू, बाजारात हैदराबादी हिंदी आणि कॉलेजात मराठी! पाण्याला कुणी नीळ्ळु म्हणतंय, कुणी पानी, कुणी पाणी. दुसरं कुणी गोंधळून परत गेलं असतं. बाईंना मात्र भाषांचीच गोडी होती. दोन वर्षं शिकवून त्या परत गेल्या, भाषाशास्त्र शिकल्या, आणि १९६६ साली अभ्यासासाठी फलटणला आल्या.

अभ्यास कशाचा, ठाऊक आहे? फलटणची माणसं मराठी कशी बोलतात, याचा! एकाच गावात वेगवेगळ्या जातींची, शिकलेली-न शिकलेली माणसं शब्द कसे वेगवेगळे उच्चारतात, ते त्या कान देऊन ऐकत होत्या. आम्ही ज्या बोलण्याला "गावंढळ" म्हणून हसलो असतो, ते बोलणं ऐकायला एक बाई हजारो मैलांवरून आल्या होत्या. याच अभ्यासावर त्यांना १९७३ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी मराठीच्या व्याकरणावर पुस्तक लिहिलं. पुण्याला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तर त्या चक्क मराठी शिकवत. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाई मराठीच्या बाई झाल्या!

फलटणमध्येच त्या राहिल्या. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेपर्यंत न पोचणाऱ्या, पोचली तरी लिहिता-वाचता न येणाऱ्या वस्तीतल्या मुलांना त्या शिकवू लागल्या. त्यातूनच प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. ज्यांच्या नावानं ही शाळा आहे, त्या कमलाताईही मूळच्या अमेरिकेच्याच. लग्न करून १९३० साली त्या भारतात आल्या आणि पुढे मुंबईत व्यवसायोपचाराचं, म्हणजे अपंग आणि आजारी माणसांना पुन्हा कामं करता यावीत म्हणून देतात त्या उपचारांचं, देशातलं पहिलं शिक्षण त्यांनी सुरू केलं.

मॅक्सीनबाईंच्या कामातून मी माझ्यापुरता एक धडा घेतला. घरातून मूल जी बोली घेऊन येतं, ती अशुद्ध नसते. ती वेगळी असते. प्रमाण मराठी शिकायची, जरूर शिकायची. पुस्तकं त्या भाषेत आहेत, परीक्षा त्या भाषेत आहेत. पण त्यासाठी घरचा शब्द दाराबाहेर काढून ठेवायला नको. जपानी शाळेतल्या बुटांसारखं करायचं. आतले वेगळे, बाहेरचे वेगळे, आणि दोन्ही आपलेच!

मग मी काय केलं?

एक वही आणली. वर लिहिलं, "गुरुजींची शब्दवही". वर्गात सांगून टाकलं, "मुलांनो, मला तुमची भाषा येत नाही. रोज मला एक शब्द शिकवायचा. चुकलो तर खुशाल हसा." मग काय विचारता! कुणी पोवारीतला शब्द आणला, मुलाला टुरा आणि मुलीला टुरी. कुणी छत्तीसगडी आणला. फळ्यावर मी एका शब्दाभोवती गोल काढला. मधे पाणी, भोवती पानी, नीळ्ळु, मिझु, वुहा, वॉटर. आणि सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहिलं, एर. मग म्हणालो, "हा शब्द मला या वर्गातल्या एका मुलीनं शिकवला. तेव्हा मला तो कळला नाही. चूक तिची नव्हती, माझी होती."

वर्ग शांत. मागच्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "येर." मी म्हटलं, "एर?" ती मान हलवून म्हणाली, "येर!" माझा उच्चार चुकला होता आणि तिनं तो दुरुस्त केला होता. मी खडूनं 'ए' पुसला आणि 'ये' लिहिला.

काही दिवसांनी तिनं पाटीवर मासा काढला आणि म्हणाली, "मीन." मी चमकलोच! भिंतीवरचं कॅलेंडर काढून मुलांना राशी दाखवल्या. मेष, वृषभ करत करत शेवटची रास, मीन. चित्र कशाचं? दोन माशांचं! गोंडी ही तेलुगू-तमिळसारख्याच द्राविड कुळातली भाषा. संस्कृतातला मीन हा शब्दही मुळात द्राविड भाषांतून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जिला मी "शुद्ध बोल" म्हणून दटावलं, तिच्या घरचा शब्द घरोघरच्या पंचांगात जाऊन बसलाय!

ती आता फार बोलकी झालीय, असं काही नाही. मुळात अबोलच आहे. पण तहान लागली की थेट माझ्यासमोर येऊन उभी राहते, आणि मनात येईल त्या भाषेत पाणी मागते.

माझेही परकेपणाचे दिवस संपले. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत मुलं मला हाताला धरून दंडार बघायला नेतात. पावसाळ्यात रोवणीच्या वेळी बांधीत उतरून चिखलात घसरलो, तेव्हा सगळं शेत हसलं. एकदा गोंदियाकडे जाताना एसटीच्या खिडकीतून धानाच्या शेतात उभी असलेली सारसाची जोडी दिसली. माणसाएवढा उंच पक्षी, लालभडक मान! महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आपल्या गोंदिया भागातच. दूर फलटणला आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "आता तू तिकडचाच झालास." मी उत्तर दिलं, "हो जी!"

तर दोस्तांनो, तुमच्या वर्गात बाहेरगावाहून कुणी आलं असेल. वीटभट्टीवर कामाला आलेल्या आईबाबांचं लेकरू असेल, बदली होऊन आलेल्यांची मुलगी असेल. त्याच्या बोलण्याला कुणी हसत असेल, तर तुम्ही हसू नका. जवळ जा आणि विचारा, "तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात?" आणि तुमच्याच बोलण्याला कुणी हसत असेल, तर मान खाली घालू नका. तुमचा एक शब्द त्याला शिकवा. एका वहीत असे शब्द लिहीत जा. पाणी, भात, आई, पाऊस, मासा. वही भरली की मला जरूर कळवा. माझ्या वहीची अजून पुष्कळ पानं कोरी आहेत.